किल्ली इर्माकडे

गादीच्या दुकानातल्या बाईनं सहज विचारलं, "डाव्या अंगाला कोण झोपतं?" आणि रॉइस नि मी एकदम म्हणालो, "मी." प्रश्न कामाचा होता. आमच्या ट्रेलरमधला, म्हणजे गाडीमागं ओढायच्या फिरत्या घरातला, पलंग पायाकडच्या एका कोपऱ्यात कापलेला आहे, नाहीतर न्हाणीचं दार उघडत नाही. त्यामुळे गादी मापानं करून घ्यावी लागते, आणि उजवीकडे झोपणाऱ्याचे पाय थोडे आखडतात, म्हणून बाई विचारत होती. तिनं आमच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय, नवीनच लग्न झालंय वाटतं?" रॉइस मोठ्यानं हसला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, असं त्यानं तिला छाती फुगवून सांगितलं, आणि तिला तोही विनोदच वाटला. मीही हसले असेन. या माणसाला कॉफीत किती साखर लागते, कुठली दाढ दुखते, बापाचं नाव निघालं की तो विषय बदलून हवापाण्यावर कसा येतो, हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तो कुठल्या अंगाला झोपतो एवढं मात्र मला ठाऊक नव्हतं. त्यालाही माझं ठाऊक नव्हतं. शेवटी बाईनं स्वतःच काहीतरी लिहून घेतलं आणि आम्ही बाहेर आलो.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. टोलेडोत ऑक्टोबर लागला की आभाळ सरोवरावरून उचलून कुणीतरी गावावर ठेवल्यासारखं खाली येतं, तसं ते आलं होतं. रॉइस तोंडात दालचिनीच्या चवीचं दातकोरणं धरून गाडी चालवत होता. मधेच म्हणाला, "मी उजवीकडे झोपेन. पाय काय, आखडतील." मी म्हटलं, "बरं." त्याच्या या मोठेपणाचा मला उगीचच राग आला. घर विकायचं ठरलं होतं, सोमवारी सकाळी सह्या व्हायच्या होत्या. घरातलं बहुतेक सामान आम्ही पुढच्या हिरवळीवर मांडून विकून टाकलं होतं. अनोळखी माणसं माझे पडदे बोटांनी चाचपून गेली होती, एक बाई माझ्या केकच्या साच्यावरून घासाघीस करून गेली होती, आणि त्या कशाचंच मला काही वाटलं नव्हतं. मला जायचं होतं. त्या दिवशीही कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. तीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली. तेच वळण, तोच थांबा, आणि दुपारी पुन्हा तिथंच. ज्या रस्त्यावरून दुपारी परत फिरावं लागत नाही असा रस्ता मला एकदा चालवायचा होता. आधी अ‍ॅरिझोनात हिवाळा काढायचा, मग जिथं आवडेल तिथं. रॉइसला सांगितलं तेव्हा त्यानं आढेवेढे न घेता "चल" म्हटलं. एवढ्या चटकन का म्हणाला, हे तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं.

आता येत होतं. कोरिन, म्हणजे आमची मुलगी, तिनं फोनवर आधीच टोमणा मारला होता, "आई, तुम्ही दोघं एका खोलीत राहणार? तुम्ही एका मजल्यावर तरी कधी राहिलात?" तेव्हा मी तिला झटकून टाकलं होतं. पण पोरीचं खोटं नव्हतं. रॉइस काचेच्या कारखान्यात होता, आणि काचेची भट्टी कधी विझवत नाहीत. विझली तर आतली काच आतच गोठते आणि भट्टी मोडीत काढावी लागते. म्हणून कुणीतरी रात्रभर तिच्यापाशी जागं राहायचं, आणि तो माणूस म्हणजे रॉइस. कोरिन दोन वर्षांची असताना त्यानं कायमची रात्रपाळी घेतली, कारण मग पोरीजवळ दोघांपैकी एक जण नेहमी असणार होता. तो सकाळी घरी यायचा तेव्हा मी बस काढायला निघालेली असायची. घरापुढच्या डांबरी पट्ट्यावर आमच्या गाड्या समोरासमोर यायच्या, आम्ही काचा खाली करायचो, आणि संसार तिथं व्हायचा. पोरीला ताप आहे. छपराचा माणूस येऊन गेला. तुझी आई फोन करत होती. थंडीत बोलताना दोघांच्या तोंडातून वाफ निघायची. मग तो तळघरात जाऊन झोपायचा. तिथल्या एवढ्याशा खिडकीला त्यानं चंदेरी कागद चिकटवला होता, दिवसाचा उजेड येऊ नये म्हणून. मी दुपारी आले की घरात हळू बोलायचे, हळू चालायचे, कपाटाचं दार हातानं धरून लावायचे. लग्न मोडणाऱ्या मैत्रिणी माझ्याकडे रडायला यायच्या आणि म्हणायच्या, तुमचं बरं आहे बाई, कधी भांडण नाही. नव्हतंच. दुरून डोंगर साजरे असतात, आणि आमचे डोंगर एकाच छपराखाली पुरेसे दूर होते.

तो निवृत्त झाला तेव्हा मी वरच्या खोलीतलं अर्धं कपाट मोकळं केलं. खणातून माझे हिवाळी स्वेटर काढले, त्याच्या बाजूला एक दिवा ठेवला. त्याला काही बोलले नाही, बोलायचं काय त्यात. पहिल्या रात्री तो जेवला, बातम्या पाहिल्या, "बरं, येतो" म्हणाला आणि जिना उतरून खाली गेला. मला वाटलं, सवय आहे, सुटेल. दुसऱ्या दिवशीही तो खाली गेला. मग मीच ते अर्धं कपाट हळूहळू परत भरलं. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मला अपमान वाटला होता हे मी इथंच सांगून टाकते, कारण तेव्हा मी तो स्वतःलाही वाटू दिला नव्हता. आणि आता या माणसाबरोबर मी बसपेक्षा लहान डब्यात उरलेला जन्म काढायला निघाले होते. बसमध्ये निदान चाळीस पोरं मध्ये होती.

कसोटीची कल्पना रॉइसची. ट्रेलरवाल्या लोकांत एक रीत आहे, कायमचं निघण्याआधी दोन दिवस आपल्याच दारात ट्रेलर लावून त्यात राहायचं. काय गळतं, काय पेटत नाही, ते घरच्या नळाशी कळलेलं बरं. आणि या रीतीत सगळे लबाडी करतात. जरा थंडी वाजली की घरात पळतात, गरम पाण्यानं आंघोळ करतात, सोफ्यावर डुलकी काढतात, आणि मग ओक्लाहोमात कुठंतरी भांडतात. रॉइस म्हणाला, "आपण घराला कुलूप लावायचं. किल्ली इर्माकडे. शनिवारपासून सोमवार सकाळपर्यंत. मधे जो किल्ली मागेल, त्यानं जायचं नाही म्हटलं असं धरायचं. सही नाही, काही नाही. आणि पुन्हा त्यावर बोलणं नाही." मी म्हटलं, "कबूल." इतक्या ठामपणे म्हटलं की त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मला वाटलं, हाच मागेल. आणि मागू दे, म्हणजे मला कळेल तरी.

इर्मा सोलटेस शेजारच्या घरात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या घराला कायम कोबी नि लाल मिरचीपुडीचा वास. आम्ही किल्ली दिली तेव्हा तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली आणि वरून थोपटली.

"माझे आईबाप, आम्ही पाच भावंडं आणि एक शेळी, एका खोलीत होतो," ती म्हणाली.

"मग जमलं की नाही?" रॉइसनं विचारलं.

"शेळीचं जमलं नाही. आणि ऐक पोरी, जो किल्ली मागायला येईल ना, त्याचं नाव मी लपवणार नाही. माझ्या पोटात काही राहत नाही."

"ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," मी म्हटलं.

शनिवारी दिवसभर मला कळत गेलं की माणूस म्हणजे केवढा आवाज. रॉइस खाताना नाकानं श्वास घेतो. वाचताना पायाचा अंगठा हलवतो, आणि ट्रेलरमध्ये एकाचा अंगठा हलला की दुसऱ्याची कॉफी हलते. मी मीठ घ्यायला हात लांब केला तर तो त्याच्या कानाला लागला. तो उठला की मला बसावं लागे. मी वळले की त्यानं पोट आत घ्यावं. दर वेळी आम्ही "माफ कर" म्हणत होतो, अगदी दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेली माणसं म्हणतात तसं. त्याच्या अंगाला साबण, लोकर आणि दातकोरण्यातली दालचिनी असा वास होता. तो वास मी चाळीस वर्षं धुण्याच्या टोपलीतून घेत आले होते. आता त्या वासाचा माणूसच माझ्यासमोर बसला आहे याची मला भीती वाटत होती. भीती हाच शब्द खरा आहे. रात्री आम्ही नव्या गादीवर दोन फळ्यांसारखे पडून राहिलो. तो झोपल्याचं नाटक करत होता, आणि मी ते नाटक मान्य केल्याचं. कूस बदलावी तर गादी बोंबलणार, म्हणून मी एका अंगावर राहिले आणि ते अंग मेलं. पहाटे दोघांनी एकमेकांना "छान झोप लागली" असं सांगितलं.

रविवारी पाऊस लागला. बारीक, थंड, सरोवराकडून येणारा. पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा आत बसलेल्याला छान वाटतं असं लोक म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांच्या शेजारी त्यांना हवं ते माणूस बसलेलं असतं. जेवणाला मी घेवड्याचं डब्यातलं सूप गरम केलं, चीज घालून पाव भाजले. रॉइस जेवून खिडकीपाशी बसला आणि घसा साफ करू लागला. एकदा. दोनदा. मी म्हटलं, "जरा कमी करशील?"

"काय कमी करू?"

"सगळंच."

तो माझ्याकडे वळला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "नेडीन, मी इथं आहे. इथून कमी कुठं जाऊ?" आणि टोपी घालून, छपराची शिवण कुठं गळते का बघून येतो म्हणून बाहेर पडला. शिवण सकाळीच दोनदा बघून झाली होती.

मी टेबलाशी बसून राहिले. खिडकीतून माझं घर दिसत होतं, कुलूप लावलेलं, वरच्या खोलीची काच काळी. त्या खोलीत आता पलंग नव्हता, तरी मला तिथं जाऊन जमिनीवर पडायचं होतं. भिंतीला पाठ लावून, दार लावून, तासभर कुणाचीच कुणी नसलेली बाई व्हायचं होतं. मी स्वतःला बजावलं, गप्प बैस. अ‍ॅरिझोना तुझी कल्पना होती. तू किल्ली मागितलीस तर तो काही बोलणार नाही. तो कधीच काही बोलत नाही. तो जिना उतरून खाली जाईल, आणि ते जन्मभर तसंच राहील, फक्त आता दोघांना ठाऊक असेल. म्हणून मागायची नाही. हाडं मोडली तरी मागायची नाही. एवढं ठरवून मी उठले, सूपचा दुसरा डबा घेतला, आणि डबा उघडायची चावी सापडत नाही असं मनाशी म्हणत पावसातून इर्माच्या मागच्या दाराशी गेले. ती चावी माझ्या खिशात होती.

इर्मानं दार उघडलं आणि बाजूला झाली. स्वयंपाकघरात टेबलाशी रॉइस बसला होता. ओली टोपी गुडघ्यावर, समोर अक्रोडाच्या गोड पावाचा तुकडा, अर्धा खाल्लेला. टेबलाच्या मधोमध आमच्या घराची किल्ली होती, आणि इर्मा जाऊन पुन्हा तिच्यावर आपला तळहात ठेवून बसली.

"हा पावणेदोनला आला," इर्मा म्हणाली. "म्हणतो, तळघरातला दिवा चालू राहिलाय वाटतं. तुझं काय राहिलंय?"

मी हातातला डबा दाखवला. तो इतका केविलवाणा दिसला की मी तो लगेच खाली ठेवला.

"बैस," इर्मा म्हणाली. "खा काहीतरी. उपाशी माणसानं मोडू नये काही."

मी बसले. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. रॉइस पावाच्या चुऱ्यावर बोट दाबून दाबून तो उचलत होता. सहा वर्षं जे गिळलं होतं ते माझ्या तोंडून इर्मासमोरच बाहेर आलं. मी म्हटलं, "तुला माझ्याजवळ झोपायचं नसेल तर तसं सांग. मी अर्धं कपाट रिकामं केलं होतं. तू एकदा दार उघडून बघितलं नाहीस."

"कुठलं कपाट?"

"निवृत्त झालास तेव्हाचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं, आणि त्यानंच मला जास्त लागलं. "मला वाटलं, तुला तुझी खोली हवी आहे," तो म्हणाला. "एवढी वर्षं एकटी झोपलेली बाई. मी कसा येऊ विचारायला? आणि..."

"आणि काय? बोल की," इर्मा म्हणाली. "मी म्हातारी आहे. मला वाट बघायला वेळ नाही."

"आणि मला खालीच झोप लागते. तू वर चालत असायचीस ना." तो हे किल्लीकडे बघून बोलत होता. "मी भट्टीवरून यायचो, डोकं नुसतं भणभणत असायचं. खाली पडायचो. शनिवार-रविवारी तू घरी असायचीस. ओट्यापाशी, मग टेबलापाशी, मग कपड्यांच्या खोलीत. तू फार हळू चालायचीस. तरी ऐकू यायचं. मग मला वाटायचं, सगळं ठीक आहे, आणि झोप लागायची. बाकीचे पाच दिवस मी अर्धाच झोपायचो. निवृत्त झाल्यावर तर रोज तू वर. मी रात्री लवकर खाली जायचो ते त्याचसाठी, तू आवराआवर करत असतानाच. काल रात्री तू माझ्याशेजारी होतीस आणि काही आवाजच नाही. मेल्यासारखी पडून होतीस. मला वाटलं, हिला जगायचंच नाही इथं."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. एवढी वर्षं मी या माणसाची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालले होते. माझे गुडघे त्या चालण्यानं गेलेत असं डॉक्टरसुद्धा म्हणाला होता. मला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि तो अक्रोडाचा पाव त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"तर आता," इर्मा तळहात न उचलता म्हणाली, "दोघांनीही किल्ली मागितली. तुमचा कायदा काय म्हणतो? मला उद्या घर घेणाऱ्या त्या पोरांना सांगावं लागेल, घर मिळणार नाही म्हणून."

रॉइस म्हणाला, "ठरलं होतं तसं." हळू, पण म्हणाला. वचनाचा पक्का माणूस. त्याच्या आवाजात इतकं दुःख होतं की मला पहिल्यांदाच कळलं, यालाही जायचं होतं. माझ्यासाठी नाही, माझ्याबरोबर.

"ठरलं होतं ते एकानं मागितली तर," मी म्हटलं. "दोघांनी मागितली तर काय, ते काही ठरलं नव्हतं."

"हा वकिली कावा झाला."

"झाला. मग? किल्ली राहू दे तिथंच, इर्मा. सोमवार अजून उजाडायचा आहे. ऊठ रॉइस."

"तुझा डबा," इर्मा म्हणाली.

"तुला ठेव. उघडायची चावी पण आहे माझ्याकडे, हवी तर."

ती हसली तेव्हा आम्ही पावसात होतो. ट्रेलरमध्ये शिरून मी रॉइसला म्हटलं, बूट काढ आणि आडवा हो. दुपारी अडीच वाजता निजायला त्याला काही वाटलं नाही, अर्ध्या जन्माची सवय. तो भिंतीकडे तोंड करून पडला, खांदे आखडून, जणू कुणी त्याची परीक्षा घेणार होतं. मी सकाळची भांडी विसळली. ती आपटून ठेवली. मग चुलीपासून दारापर्यंत चालले, दारापासून चुलीपर्यंत चालले, टाचा टेकून, घरात कधी चालले नव्हते तशी. ट्रेलर बोटीसारखा झुलत होता. मला वेड्यासारखं वाटत होतं. गल्लीतून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, नेडीनचं डोकं फिरलं. मग रॉइसचे खांदे सैल झाले आणि तो पाठीवर वळला. कोरिन दोन वर्षांची होती तेव्हापासून मी त्याला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. तोंड किंचित उघडं, कपाळावरच्या आठ्या कुणी उलगडून ठेवल्यासारख्या, एक हात माझ्या रिकाम्या जागेवर पसरलेला. झोपेत तो लग्नातल्या फोटोपेक्षा लहान दिसत होता. मला त्याच्यावर प्रेम आहे हे मला ठाऊक होतं, पण ते सवयीतलं. हे वेगळं होतं, आणि माझ्या वयाला जरा लाजिरवाणं. मी चालत राहिले.

गुडघ्यांनी शेवटी ऐकलं नाही. मी टेबलाशी टेकले. लगेच त्यानं डोळे उघडले.

"थांबलीस?"

"गुडघे गेले माझे. किती चालू?"

"अगं, मग मी उठतो. तू पड. काल तूही झोपली नाहीस."

"काही नको. आणि उद्या दहाला सह्या आहेत, लक्षात आहे ना? दाढी कर त्याआधी."

"करतो. तू पड आधी."

मी त्याच्या अंगानं उबदार झालेल्या जागी पडले. तो उठून पलंगापाशी उभा राहिला, काय करावं ते न कळून. मग म्हणाला, "बूट घालून चालू की नुसता?"

"मूर्खासारखं काही करू नकोस," मी म्हटलं. आणि थोड्या वेळानं म्हटलं, "घालून."

त्यानं बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि चालायला लागला. एवढी वर्षं हा माणूस माझ्या खालच्या मजल्यावर होता. खालच्या माणसाची पावलं वर ऐकू येत नाहीत. ती जड होती. डावा पाय किंचित ओढला जात होता, तो कधीपासून, कशानं, मला माहीत नव्हतं, उद्या विचारायचं होतं. तो दारापाशी गेला, थांबला, वळला. चुलीपाशी आला. पुन्हा दारापाशी गेला. पुढचं मला आठवत नाही.